तीन अंकांचा वेळ
(उंब्रज येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



गेल्या महिन्यात गावातल्या मैदानावर मी सातवी-आठवीच्या मुलांना एक खेळ दिला. एकाच्या हातात चेंडू. त्याला राखायला तिघं. समोरून चौघं चालून येणार आणि चेंडूवाल्याला शिवणार. दोन गडी लांब पळणार, त्यांच्यापैकी एकाकडे चेंडू फेकायचा. राखणाऱ्यांनी अंग घालून अडवायचं, पण कुणाला धरायचं नाही. मी मोठ्यानं एक, दोन, तीन मोजणार. तीन म्हणायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे.

मुलांनी काय केलं असेल? तिघांनी एकमेकांचे हात धरले आणि चेंडूवाल्याभोवती कडं केलं. त्यांच्या अंगात कबड्डीची साखळी आहे, त्यामुळे हात आपोआप हातात गेले. दोन म्हणेपर्यंत चौघं त्या कड्यावर आदळले, कडं मागं सरकलं आणि आपल्याच माणसावर कोसळलं. त्याला हात वर करायलाही जागा उरली नाही. आम्ही दहा वेळा खेळलो आणि दहाही वेळा तसंच झालं.

हा खेळ माझा नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याचा हा एक तुकडा आहे. लेकीकडे कॅलिफोर्नियात मी दोनदा सप्टेंबर ते डिसेंबर राहिलो. तिथं शुक्रवारी संध्याकाळी शाळाशाळांचे सामने होतात आणि गावच्या जत्रेसारखी माणसं लोटतात. तीस वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून काढलेला माणूस अशा वेळी घरात बसू शकत नाही.

खेळ थोडक्यात सांगतो. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, की आणखी चार प्रयत्न मिळतात. जवळजवळ प्रत्येक डाव एका माणसाच्या हातून चालतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्याकडे येतो आणि पुढं कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. त्याच्या पुढं पाच धिप्पाड गडी उभे असतात, फेकीच्या वेळी त्यांचं काम त्याला राखण्याचं. समोरून बहुतेक वेळा चौघं, कधी पाच-सहा जण, त्याला पाडायला सुटतात. साधारण अडीच-तीन सेकंदांचा मामला असतो. आपल्या कबड्डीतल्या चढाईपटूला तीस सेकंद मिळतात. त्याच्या दहाव्या भागात या माणसाला अख्खं मैदान वाचायचं असतं, आणि तेही पाठीमागून कोण येतंय ते न पाहता.

न पाहता म्हणजे काय, ते १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री अमेरिकेनं दूरचित्रवाणीवर पाहिलं. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरनं पाडलं. थाइसमनच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. ज्यानं पाडलं तो टेलरच उठून हातवारे करत मदत बोलावत होता. ते चित्रीकरण मी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहणार नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी. त्या वेळी वॉशिंग्टन साधा डाव खेळत नव्हतं, ती हूल होती. चेंडू धावणाऱ्याला दिला, त्यानं तो मागं उलटा थाइसमनकडे फेकला. समोरचे फसतील असा हिशेब होता. ते फसले नाहीत, आणि या देवाणघेवाणीत जो वेळ गेला तोच अंगावर आला. म्हणून आज मी वेगळ्या वाटा सांगणार असलो, तरी वेगळं म्हणजे चांगलं असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक हुलीला सेकंदांचं मोल द्यावं लागतं.

आता राखणाऱ्यांच्या भिंतीकडे येतो. आमच्या मुलांनी जे कडं केलं, तेच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हार्वर्ड विद्यापीठानं केलं होतं. १८९२ मध्ये येलविरुद्धच्या सामन्यात त्यांनी माणसांची पाचर बांधली. दोन बाजूंनी धावत येऊन गडी एकत्र जुळले आणि चेंडूवाल्याला मधे घेऊन समोरच्यांवर घुसले. ही कल्पना लॉरिन डिलँड या बॉस्टनच्या गृहस्थांची. ते स्वतः फुटबॉल खेळलेले नव्हते, बुद्धिबळाचे आणि लष्करी डावपेचांचे शौकीन होते. सामना येलनंच जिंकला. पण ती पाचर सगळीकडे पसरली आणि तिच्यापायी पोरं इतकी जायबंदी होऊ लागली, की १८९४ मध्ये ती बंद करावी लागली. तरी एकमेकांना बिलगून ढकलण्याचे इतर प्रकार चालूच राहिले. १९०५ च्या मोसमात किमान अठरा खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, चेंडू पुढं फेकायला परवानगी मिळाली. गर्दी फुटावी, खेळ मोकळा व्हावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. मला हे फार मोलाचं वाटतं. माणसाला राखायला भिंत जाड केली तर माणसं मेली. मग नियम बदलून मैदान मोकळं केलं.

मोकळ्या मैदानावर काही लोकांनी जे केलं, त्यातले तीन-चार प्रकार सांगतो.

बिल वॉल्श १९७० मध्ये सिनसिनाटीच्या संघाचे सहायक प्रशिक्षक होते. त्यांच्या वाट्याला व्हर्जिल कार्टर हा क्वार्टरबॅक आला. त्याचा हात लांब फेकीचा नव्हता. वॉल्श यांनी त्याला साजेसा खेळ बांधला, आखूड आणि झटपट फेकींचा. गडी किती पावलं धावून कुठं वळणार हे आधीच ठरलेलं, आणि चेंडू त्या जागी आधीच निघालेला. चालून येणारा पोचतो तेव्हा हात रिकामा असतो. म्हणजे राखणदार वाढवले नाहीत, राखायचा वेळच कमी केला.

दुसरे माइक लीच. हे कायदा शिकलेले, महाविद्यालयात फुटबॉल न खेळलेले. २००० ते २००९ या काळात ते टेक्सस टेक विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांनी आपल्या पाच राखणदारांना एकमेकांपासून दूर उभं केलं. दोघांमधे तीन फूट, कधी त्याहूनही जास्त. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस दार उघडं टाकून झोपला. पण हिशेब पाहा. टोकाचा राखणदार बाहेर सरकला की त्याच्यासमोरचा, सगळ्यात चपळ हल्लेखोरही बाहेर सरकतो. त्याला आता लांबचा वळसा घालून यावं लागतं. दोन पावलं जास्त, आणि तेवढ्यात चेंडू गेलेला असतो. मधल्या फटीतून कुणी घुसला तर तो डोळ्यांसमोरून येतो, क्वार्टरबॅकला दिसतो. घात होतो तो पाठीमागून.

इथं मला आपली तालीम आठवते. पटात शिरायला झेपावलेल्या पैलवानाला शहाणा वस्ताद छातीनं अडवायला शिकवत नाही. पाय मागं काढ, त्याचा जोर त्यालाच पुढं नेऊ दे, आणि पाठीवर कब्जा घे, असं सांगतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं, ते अंगापिंडानं काही राक्षस नव्हते. चपळाई आणि डाव यांवर ते जिंकले. अमेरिकेतला चांगला राखणदारही टोकाकडून सुसाट येणाऱ्याला थोपवत बसत नाही. तो त्याला त्याच्याच वेगानं मागं काढून देतो, आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढं सरकतो. हल्लेखोर पाठीमागच्या रिकाम्या जागेत जाऊन पडतो.

तिसरा प्रकार तर आपल्याला शिकवायलाच नको. चौघं अंगावर येतात, राखणदार थोडी झटापट करतात आणि त्यांना सोडून देतात. क्वार्टरबॅक मागं मागं हटतो. हल्लेखोरांना वाटतं, सापडला. ते आणखी जोरात घुसतात. तेवढ्यात चेंडू त्यांच्या डोक्यावरून हळूच पलीकडे जातो, तिथं आपला गडी उभा असतो, आणि हल्लेखोरांना सोडून आलेले राखणदार आता त्याच्यापुढं धावत असतात. याला ते स्क्रीन म्हणतात. पळ काढल्याचं भासवून शत्रूला लांब ओढायचं आणि त्याची पाठ उघडी पडली की उलटायचं, ही मराठी घोडदळाची जुनी रीत. सरसेनापती हंबीरराव मोहिते जवळच्याच तळबीडचे. त्या गावावर वसंतगड उभा आहे, आणि या मुलखाला हूल म्हणजे काय ते सांगायला कॅलिफोर्नियाहून माणूस यायला नको होता.

आता तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात पन्हाळा आला असणार. जुलै १६६० ची ती रात्र, दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशीद, खिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. माझ्याही मनात येतो. पण तिथं मी तुलना करणार नाही. खेळातला फसलेला डाव शिट्टी वाजली की संपतो. त्या रात्रीची किंमत वेगळी होती.

चौथी गोष्ट एका शाळेची. ओकलंडजवळ पीडमाँट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेला मोठ्या शाळांइतकी धिप्पाड पोरं कधी मिळायची नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या प्रशिक्षकांनी, कर्ट ब्रायन आणि स्टीव्ह हम्फ्रीज यांनी, नियमपुस्तक काढलं. चेंडू लाथाडण्याच्या रचनेत राखणदारांनी ठरावीक आकड्यांचेच सदरे घालायची सक्ती नसते, ही फट त्यांना सापडली. मग त्यांनी सगळ्या अकरांना असे सदरे घातले, की कुणीही चेंडू झेलू शकेल असं वाटावं. मागं क्वार्टरबॅकच्या जागी दोघं उभे. नियमानं झेल घेऊ शकणारे सहाच, पण ते सहा कोण हे शेवटच्या क्षणापर्यंत समोरच्याला उमगत नसे. कुणावर धावायचं हेच ठरत नसेल तर धावणारा थबकतो, आणि त्याचा अर्धा सेकंद म्हणजे आपल्या माणसाचा श्वास. २००९ मध्ये शालेय महासंघानं ती फट बुजवली. नियमाच्या बाजूनं त्यांचं बरोबर असेल. पण उंचीनं, वजनानं कमी असलेल्या पोरांसाठी दोन मोठी माणसं रात्र रात्र पुस्तक घेऊन बसली, याचं मला अतिशय अप्रूप आहे.

आपल्याकडेही हा खेळ येऊन गेला. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, तीत पुणे मराठाज नावाचा संघ होता. तो खेळ रुजला नाही, रुजावा असा माझा आग्रहही नाही. डोक्याला बसणारे मार हा त्या खेळाचा मोठा दोष आहे, आणि माझ्या नातवानं तो खेळू नये असंच मी लेकीला सांगून आलो.

माझा आग्रह दुसराच आहे. आपल्या शाळांतून निवड होते तेव्हा मास्तर आधी पोराचा दंड पाहतो. मीही तेच केलं. एका आंतरशालेय कबड्डी स्पर्धेला मी एका किरकोळ पोराला बाहेर बसवलं होतं. कोपऱ्यात उभं राहायला मला भरीव गडी हवा होता. त्याच पोरानं सरावात चढाईपटूला कितीदा कोपरा मोकळा दाखवून आत ओढलं होतं, ते मी पाहत होतो आणि मला कळत नव्हतं. कळलं ते परमुलखातल्या मैदानाच्या कठड्याला टेकून, तीस वर्षांनी. त्या मुलाला मी अजून भेटलेलो नाही.

आमच्या मैदानावरचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी काही शिकवलं नाही. फक्त म्हटलं, हात धरायचे नाहीत. पहिले चार-पाच डाव तसेच गेले. मग राखणाऱ्यांतली सातवीतली एक मुलगी, तिघांत सगळ्यात लहान, चालून येणाऱ्या थोराड पोरासमोरून शेवटच्या क्षणी बाजूला झाली. तो तसाच पुढं गेला. चेंडूवाला तिच्या मोकळ्या झालेल्या जागेत सरकला. मी अजून दोनवरच होतो.