दिवाळीनंतरची शाळा

(प्रभागसंघाच्या जानेवारी महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



संक्रांत झाली, वाण लुटून झालं, तिळगूळ खाऊन झाला. आता थोडा वेळ मला द्या. बचत, परतफेड, थकबाकी यांचं अध्यक्षताईंनी बोलून झालंय, त्यामुळं मी त्यात शिरत नाही. मला आज गावातल्या शाळेचं बोलायचंय. तुम्ही म्हणाल, शाळेचं बघायला सर-मॅडम आहेत, ह्या पोरीला काय पडलंय? पण आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे की नाही? बैठकीत आपण दहाही सूत्रं घडाघडा म्हणतो. बचतीचं, कर्जाचं, परतफेडीचं लिहायला वह्या आहेत. पोरांच्या शिक्षणाची एक ओळ लिहिलेली वही मी अजून एकाही गटात पाहिली नाही.

डोंगराकडच्या एका गावातली गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ते आपलंच गाव वाटेल, आणि तसं वाटलं तर बरंच आहे. तिथं बायका संध्याकाळीच जमतात. मी दुपारीच पोचते, मग वेळ काढायला शाळेत जाऊन बसते. पहिली ते पाचवीची शाळा, दोन शिक्षक. असं बसता बसता मला ती शाळा कळायला लागली.

थंडीत ही शाळा अंगणात भरते. आपल्या बालाघाटच्या डोंगरात सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. म्हणून मॅडम पहिली-दुसरीला भिंतीच्या उन्हात बसवतात. कुणाच्या अंगात थोरल्या भावाचा स्वेटर, बाह्या हाताच्या खाली लोंबत्यात. खिचडी शिजवणाऱ्या ताई आपल्याच गटातल्या. त्यांच्या चुलीपाशी चार पोरं हात शेकत उभी असतात, आणि त्या त्यांना हाकलतात म्हणजे फक्त तोंडानं हाकलतात. परसबागेतली मेथी आता खिचडीत येती. पोरांनीच वाफे केले, पाण्याची पाळी पोरांनीच लावली.

शाळेचं सगळं खरं रूप हिवाळ्यातच दिसतं. 14 नोव्हेंबरला बालदिन, 26 नोव्हेंबरला संविधान दिन, डिसेंबरात खेळांच्या स्पर्धा, 3 जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, आता 26 जानेवारीची तयारी चालू आहे. अभ्यासाचंही तेच. जून-जुलै नावं घालण्यात आणि पुस्तकं वाटण्यात जातो. पुढं सणवार. मार्च लागला की ऊन आणि परीक्षा. सलग शिकायला मिळतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने. आणि नेमकी याच महिन्यांत आपली पोरं उसाच्या फडावर असतात.

मुलींचा खो-खोचा संघ गणपतीपासून सराव करत होता. खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात. दिवाळीची सुट्टी संपली आणि मॅडमनी मोजल्या तर सात. दोघी सांगलीकडं गेलेल्या. मग तिसरीतल्या दोन बारक्या घेतल्या आणि संघ नेला. पहिल्याच सामन्यात हरल्या. मी त्या दिवशी बरोबर होते. हरल्याचं कुणी फार मनावर घेतलं नाही, पण येताना टेम्पोत पूर्ण वाटभर त्या गेलेल्या दोघींचीच नावं चालली होती. ती असती तर असं झालं असतं, ही असती तर तसं.

आता वाचन-गणिताचं. 2021 साली निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे 2026-27 पर्यंत व्हायचंय. म्हणजे पहिली संपताना 99 पर्यंतचे आकडे लिहिता-वाचता यावेत, दुसरी संपताना 999 पर्यंत, तिसरी संपताना 9999 पर्यंत. तिसरीतल्या पोरानं मिनिटाला साठेक शब्द अर्थ कळून वाचावेत. वाचनाच्या पायऱ्या धान्य चाळायच्या चाळण्यांसारख्या आहेत: आधी अक्षर, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग गोष्ट. तुमचं पोर कुठल्या चाळणीत अडकलंय हे तुम्हाला माहीत आहे का? गटातल्या तुमच्या खात्यावर किती शिल्लक आहे हे विचारलं तर झोपेतून उठून सांगाल.

तिसरीतला एक मुलगा आहे. मागच्या वर्षी दिवाळीला तो शब्द वाचत होता. मग आई-बापाबरोबर फडावर गेला. पाडव्यानंतर आला तेव्हा परत अक्षरावर. जोडाक्षर दिसलं की मान खाली. त्या पाच महिन्यांत तो काही रिकामा बसला नव्हता. धाकटी बहीण सांभाळली, वाढं गोळा केलं, बैलांना पाणी दाखवलं. पण शाळेतलं सुटलं ते सुटलंच, आणि वर्गातली बाकीची पोरं पुढं निघून गेली.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी घरोघर फिरून सांगत होते, पोरांना नेऊ नका, त्यांचं नुकसान होतं. एका ताईनं भाकरी थापता थापता मान वर न करता विचारलं, "ठेवू कुणापाशी? तू संभाळती का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कॉलेजात पालकांचं समुपदेशन कसं करावं हे शिकले होते, त्यात मार्कही चांगले पडले होते. पण त्या ताईला समुपदेशन नको होतं. नुकसान होतं हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. पोर रात्री कुणाच्या कुशीला झोपेल, त्याला ताप आला तर कोण बघेल, एवढाच तिचा प्रश्न होता. मी चहा न घेता तिथनं उठले, आणि वर्षभर ती ताई डोक्यातनं गेली नाही.

म्हणून या वर्षी पोळ्यापासूनच सुरुवात केली. मुकादमाकडून उचल घेतली जाते तेव्हाच पोरांचं काय करायचं तेही मनात ठरलेलं असतं. दिवाळीत जाऊन बोलण्याला अर्थ नाही. गावात ठेवता येणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. पोर आजी-आजोबांपाशी किंवा चुलत्यापाशी राहतं, दुपारी शाळेत खिचडी असतेच, सकाळ-संध्याकाळचं जेवण या योजनेतून मिळतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. त्या गावच्या समितीत आपल्या गटातल्या दोघी होत्या, पण सहीपुरत्या. या वर्षी त्या दोघी कोणती पोरं जाणार आहेत त्यांची यादी घेऊन बैठकीला गेल्या. चौदा नावं होती. सर म्हणाले, इतकी अचूक यादी आमच्याकडंही नव्हती. नसणारच. कोण कोणाच्या टोळीत जाणार आणि कोणाची सासू सांभाळायला तयार आहे, हे पाणवठ्यावर कळतं.

ठराव गेला, पण मंजुरीला वेळ लागला. टोळ्या निघाल्या आणि पोरं मागं राहिली, जेवणाचा पत्ता नाही. तेव्हा ग्रामसंघाच्या बैठकीत जरा भांडणच झालं. एक ताई म्हणाली, दुसऱ्याच्या पोरांना आपण का घालायचं, आपलीच कुठं पोटभर खात्यात? तिचंही खोटं नव्हतं. शेवटी सात घरं तयार झाली. जवळजवळ तीन आठवडे संध्याकाळच्या भाकरी त्या सात घरांतनं आळीपाळीनं गेल्या. पहिल्या दिवशी "का घालायचं" म्हणणाऱ्या ताईच्या घरून चौथ्या दिवशी पिठलं गेलं. मी तिला काही विचारलं नाही.

चौदापैकी नऊ राहिली. पाच गेली. त्या पाचांतली एक चौथीतली पोरगी, खो-खोतली. तिच्या आईला तान्हं बाळ आहे, ऊस तोडताना बाळाला धरायला कोण? त्या आईला मी पुन्हा काही शिकवायला गेले नाही. तिच्याबरोबर शाळेचं शिक्षण हमी पत्रक दिलं. हा एक कागद आहे, त्यावर पोर कितवीत आहे, कुठवर शिकलंय हे लिहिलेलं असतं. तो दाखवला की तिकडच्या शाळेत बसता येतं. आईनं तो आधार कार्डाच्या पिशवीत ठेवला. परवा फोन केला तर म्हणाली, आठवड्यातनं तीनेक दिवस जाती, फड लांब पडला की राहती. तीन दिवस म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणू नका. मागच्या वर्षी एकही नव्हता.

राहिलेल्या नऊजणांचं काय झालं? सगळी हुशार झाली असं मी सांगणार नाही. दोघं अजून अक्षरावरच आहेत. एकजण महिनाभर रडत होता, आईची आठवण यायची, त्याचं शिकणं जानेवारीतच सुरू झालं म्हणा. पण मघाशी सांगितलेला तिसरीतला मुलगा आता परिच्छेद वाचतो. आणि दुसरीतली एक मुलगी गोष्टीपर्यंत पोचली. तिचं श्रेय तिच्या आजीला आहे, ती आजी अंगठा लावते.

झालं असं की मॅडमनी माता-पालक गटाची बैठक घेतली, त्यात आया कमी आणि आज्याच जास्त. आजी म्हणाली, "मला काळं पांढरं कळत नाही, मी काय अभ्यास घिऊ?" मॅडम म्हणाल्या, तुम्ही फक्त ऐका, आणि मधेच विचारा, पुढं काय झालं? तेवढंच. आजीनं ते मनावर घेतलं. रोज दिवे लागल्यावर पोरगी गोधडीत बसून मोठ्यानं वाचते, आजी वाती वळते आणि विचारते, "मग? पुढं काय झालं?" पोरगी अडखळली की आजी म्हणते, "आसं कसं आसंल, नीट बघ की." आजीला अक्षर येत नाही, पण वाक्याला अर्थ लागला नाही हे तिला बरोबर कळतं. रविवारी आईला फोन लावून एक पान वाचून दाखवायचं, हे पोरीनं स्वतःच काढलं. आई दिवसभर ऊस तोडून आलेली असते, कधी ऐकता ऐकता झोपते. पोरगी वाचत राहते.

आनंद मेळाव्याचं सांगायचं राहिलं. जानेवारीत शाळेनं पोरांचा बाजार भरवला. मेथीच्या जुड्या, हुरडा, बोरं, तिळाचे लाडू, कुणी भेळ. आपल्या गटाच्या बायका गिऱ्हाईक म्हणून गेल्या, आणि काय घासाघीस केली त्यांनी. पाचवीतली एक पोरगी बोरं विकत होती. एका मावशीनं सात रुपयांची बोरं घेऊन पन्नासची नोट दिली, तिनं डोळ्याचं पातं लवायच्या आत त्रेचाळीस परत दिले. दुसऱ्या दिवशी सरांनी तेच गणित फळ्यावर लिहिलं, पन्नास वजा सात. तिनं सत्तावन्न लिहिलं.

हसू नका. असं खूप ठिकाणी होतं. 2025 साली नेचर या नियतकालिकात एस्थर डुफ्लो, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सोबत्यांचा एक अभ्यास छापून आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशोब पटापट करत होती, पण पुस्तकातल्या गणितात अडत होती. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्या पोरांना बाजाराचा हिशोब जमत नव्हता. सरांनी मग काय केलं, फळ्यावरचं गणित पुसलं आणि बोरांची पाटी टेबलावर ठेवली. विकायचं, परत द्यायचं, आणि दिलेलं लगेच वहीत मांडायचं. हे काम आपण गटात महिन्याला करतोच की. आपल्या एका गटाच्या सचिव ताई आता दर शनिवारी पोरांना रोजकीर्द कशी लिहायची ते दाखवतात. जमा डावीकडं, खर्च उजवीकडं. पोरांना त्या "बँकवाल्या मावशी" म्हणतात. ताई आधी लाजत होत्या, आता शनिवारी इस्त्रीची साडी नेसतात.

आता कामाचं. टोळ्या मार्चच्या शेवटापासून परतायला लागतील. मागच्या वर्षी पोरं आली तेव्हा परीक्षा तोंडावर होती, कुणाला काय येतंय हे बघायला वेळच नव्हता, आणि पुढं सुट्टी लागली. या वर्षी पोर परतलं की दोन दिवसांत त्याला शाळेत न्यायचं आणि कुठल्या चाळणीत आहे ते बघून घ्यायचं. मॅडमनी उन्हाळ्यात सकाळी तासभर बसवायची तयारी दाखवली आहे. जागा, पाणी आणि पोरांना हाका मारायचं काम आपल्याकडं. आणि पुढच्या हंगामाच्या यादीला पोळ्याची वाट बघायची नाही, ती जुलैच्या बैठकीतच करू, म्हणजे जेवणाचा घोळ होणार नाही.

मी एक कागद फिरवते आहे. त्यावर चार रकाने आहेत: पोराचं नाव, इयत्ता, आत्ता कुठं आहे, आणि परत कधी येणार. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा. शाळेच्या खो-खोतल्या त्या दोघींची नावं मी वर लिहिली आहेत, तारीख रिकामी आहे. त्यांच्या टोळीतलं कुणी इथं नात्यात असेल तर तेवढी भरा. कागद मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, आज्यांना वगळू नका.