गोल्फचा स्विंग : आधी तोल, मग ताकद

गोल्फमध्ये चेंडू जागेवर स्थिर असतो.
तरीही, श्रोतेहो, तो हवा तिथे धाडणे सोपे नसते.
कारण काठी फिरवून मारायचा फटका, म्हणजे स्विंग, एकट्या हातांचा नसतो.
तो सगळ्या अंगाचा असतो.
म्हणून आधी तोल, मग ताकद.

सुरुवात पकडीपासून होते.
क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घट्ट आवळली की मनगटे आखडतात.
काठी निसटणार नाही, इतपतच पकड पुरे.
पायांत साधारण खांद्यांइतके अंतर असावे.
गुडघे किंचित वाकलेले असावेत.

क्लब मागे नेताना खांदे वळतात.
उजव्या हाताने खेळणाऱ्याचा भार उजव्या पायावर येतो.
खाली येताना कंबर आधी फिरते.
हात तिच्या मागून येतात.
शेवटी भार डाव्या पायावर जातो.
फटक्यानंतर क्षणभर न डगमगता उभे राहता आले, की तोल साधला.

हाच खेळ पुण्याचा उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला.
त्याच पुण्यात, येरवड्याला, गोल्फचे मैदान आहे.

पण तोलाचा सराव मोकळ्या माळावरही होतो.
आधी चेंडूशिवाय, सावकाश.
मग अर्धा स्विंग.
तोल टिकला, तरच पूर्ण स्विंग.
वेग बदलला, तरी लय तीच ठेवावी.