जिन्याखालचा लाल ठिपका

आज घरी गेल्यावर जिन्याखालच्या वीजमीटरसमोर दोन मिनिटं उभे राहा. त्यावर एक बारीक लाल ठिपका लुकलुकत असतो. शेजारी बहुधा 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. ठिपका तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट खर्ची पडलं.

आठवीच्या वर्गाला मी हाच गृहपाठ देत असे. घरातलं मोठं माणूस सोबत हवं, मीटरला हात लावायचा नाही. घरातलं सगळं बंद करायचं, मग एकेक वस्तू सुरू करून ठिपका मोजायचा. 3200च्या मीटरवर दोन हजार वॉटचा गीझर लावला की मिनिटाला सुमारे 107 वेळा लुकलुक होते. मोजणाऱ्याची तारांबळ उडते. नऊ वॉटचा एलईडी एकटाच लावला, तर पुढच्या लुकलुकीसाठी दोन मिनिटांहून जास्त ताटकळावं लागतं.

एका मुलीनं वही पुढे करून विचारलं, "सर, आई दिव्यावरून रागावते, गीझरवरून कुणीच का रागावत नाही?" आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. गीझर पाव तास चालला की अर्धं युनिट जातं, आणि तेवढ्या विजेत तो दिवा 55 तास जळतो! दिवा विझवायचाच, पण आपला सगळा धाक दिव्यापाशी संपतो, याचं मला वाईट वाटतं. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. रोज बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. शिवाय महावितरणच्या घरगुती दराला पायऱ्या आहेत: शंभराच्या पुढचं युनिट आधीच्यापेक्षा महाग पडतं.

14 डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनी, शाळाशाळांतून चित्रं आणि घोषवाक्यं होतात. होऊ द्यावीत. पण घोषवाक्य भिंतीवर राहतं. स्वतः मोजलेला आकडा मूल जेवणाच्या ताटावर सांगतं, आणि तिथे वडीलही ऐकतात. एक मात्र जपावं लागतं. ज्या घरात एकच दिवा नि एकच पंखा आहे, तिथल्या मुलाला काटकसर शिकवायला जाऊ नये. त्याच्या वहीतला छोटा आकडा वर्गापुढे मानानं वाचावा. मी तो पहिला वाचत असे.

एका मुलाच्या घरी सगळं बंद करूनही ठिपका चालूच राहिला. शोधता शोधता टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स सापडला. रिमोटनं बंद, बटण मात्र चालू. दहा वॉट, दिवसरात्र, म्हणजे महिन्याला सात युनिटं. तेव्हापासून त्याची आजी झोपताना विचारायची, "ठिपका निजला का रे?" तो खाली जाऊन बघून यायचा.

"फ्रीज जागा आहे, आजी. बाकी सगळे निजले."