रात्री किती वेळा उठता?
(कळंब इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला तुमच्याशी लघवीबद्दल बोलायचं आहे. हसा, हसून घ्या. मी बावीस वर्षं कळंबमध्ये रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतो. शुगर तपासायला आलेला माणूस दारातूनच ओरडून विचारतो, ‘किती निघाली?’ पण साठी ओलांडलेला माणूस धार नीट येत नाही म्हणून आला असेल, तर तो आधी आत दुसरं कोणी बसलंय का ते बघतो. डबी वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो, चोरीचा माल आणल्यासारखी. आणि आपल्या मोहल्ल्यातला असेल तर माझ्याकडं येतच नाही, कारण मी ओळखीचा. तो लातूरला जातो, नाहीतर कुठंच जात नाही.

या कुठंच न जाणाऱ्यांबद्दल आज बोलू.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की बहुतेकांची ही ग्रंथी सुजल्यासारखी मोठी होते आणि नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, थांबून थांबून येते, रात्री चार वेळा उठावं लागतं, उठून आल्यावरही थेंब गळत राहतात. यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे आधी नीट ऐका. गोळ्यांनी बरं वाटतं, काहींना दुर्बिणीचं ऑपरेशन लागतं. पण काहींना त्याच ग्रंथीत कॅन्सर असतो. तो बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो, नळीपासून लांब. त्यामुळं सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, आणि त्रास होतो तेव्हा तो म्हातारपणाच्या त्रासासारखाच दिसतो. माणूस म्हणतो, ‘उमर हो गई,’ आणि घरचेही मान डोलावतात.

माझे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हेच म्हणायचे. टेलर होते. दिवसभर मशीनवर बसायचे, पण फजरची जमात कधी चुकवायचे नाहीत. एके वर्षी त्यांनी मशिदीत जाणं बंद केलं. घरात सगळ्यांना वाटलं, मशिदीच्या कमिटीवर रागावलेत. कमिटीवर रागावण्यासारखं कायम काहीतरी असतंच, त्यामुळं कोणी जास्त विचारलं नाही. खरं कारण वेगळं होतं. वजू करून उठले की थेंब गळायचे. कपडे पाक राहिले की नाही, या शंकेनं माणूस पार खचून गेला होता. त्यांनी पाणी पिणं कमी केलं. लग्नाला, मय्यतला जाणं टाळायला लागले. हे सगळं एका माणसाला माहीत होतं, बडी अम्मीला, कारण कपडे ती धुवायची. पण तिला कोणी विचारलं नाही, आणि आपल्या घरात बाई ही गोष्ट स्वतःहून कोणाला सांगेल?

इथं मी थोडा थांबतो, कारण हे फक्त माझ्या घरातलं नाही. लघवी रोखता येत नाही अशा माणसासाठी आपल्या हनफी फिकहमध्ये शेकडो वर्षांपासून सोय आहे. त्याला माजूर म्हणतात. थेंब सतत गळत असतील तर प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वजू करायचा, आणि त्या वेळेपुरता तो वजू त्या गळण्यानं तुटत नाही. नळी आणि पिशवी लावलेला माणूसही नमाज पढू शकतो. आपल्या जुम्म्याच्या बयानात बाकी बरंच ऐकायला मिळतं, हे फार कमी ऐकायला मिळतं. ऐकायला मिळालं असतं तर कितीतरी म्हातारी माणसं मशिदीत राहिली असती आणि दवाखान्यातही गेली असती.

बडे अब्बांची मग कंबर दुखायला लागली. वर्षभर. ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, तेलमालिश झाली. लघवीचं कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट फुगलं, माणूस अक्षरशः तडफडत होता. इथल्याच सरकारी दवाखान्यात नळी घातली तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पीएसए लिहून दिली.

पीएसए ही रक्ताची तपासणी. ही ग्रंथी जे प्रथिन तयार करते ते रक्तात किती आहे ते मोजतात. साधारण चारच्या आत असेल तर ठीक मानतात. पण हा आकडा फसवा आहे. ग्रंथी नुसती मोठी झाली तरी तो वाढतो, जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो, नळी घातल्यावरही वाढतो. उलट प्रोस्टेटच्या काही गोळ्या बरेच महिने चालू असतील तर तो निम्म्यावर येतो, म्हणून कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना सांगायचं असतं. लॅबवाल्यानं सांगतोय, आकड्यावरून घरी बसून निदान करू नका. आणि तंदुरुस्त पस्तिशीतल्या पोरांनी ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये आहे म्हणून पीएसए करत बसू नये. त्यातून फुकटची भीती आणि नको ते तुकडे काढणं, एवढंच हाती लागतं.

बडे अब्बांचा नमुना मीच घेतला आणि मोठ्या लॅबला पाठवला. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. दोनशे बारा. जंतुसंसर्ग होता म्हणून औषध देऊन, काही आठवडे थांबून परत केली. तेव्हाही एकशे नव्वदच्या वर. मग बोटानं तपासणी. तिला त्यांनी आधी साफ नकार दिला होता. डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतात, हातमोजा घालून, जेमतेम एक मिनिट. ग्रंथी मऊ लागते की दगडासारखी, ते बोटालाच कळतं. या एका मिनिटाच्या लाजेपायी माणसं वर्षं घालवतात.

त्यांना घेऊन आम्ही येरमाळ्यावरून बार्शीला गेलो, नर्गिस दत्त यांच्या नावाच्या कॅन्सर हॉस्पिटलात. तिथं पोहोचेपर्यंत गाडीत नातेवाइकांचे तीन फोन आले, तिन्हींत एकच सल्ला: तुकडा काढू देऊ नका, सुई लागली की पसरतो. हे आपल्याकडं इतकं पक्कं बसलंय की सांगता सोय नाही. प्रोस्टेटचा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो थांबल्यानं. सोनोग्राफीत बघत बारीक सुईनं दहा-बारा तुकडे घेतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार किती आक्रमक आहे त्याचे गुण देतात. त्याला ग्लीसन म्हणतात, सहा ते दहा. सहावाल्याला पुष्कळदा उपचारसुद्धा लागत नाहीत, फक्त ठरावीक काळानं तपासत राहतात. बडे अब्बांचे आठ होते, आणि स्कॅनमध्ये आजार कमरेच्या हाडांत गेलेला. ज्याला वर्षभर गॅप म्हणत होतो, ते हेच.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. असा पेशंट घरात असेल आणि त्याच्या पायातली ताकद अचानक जायला लागली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट बघू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी उपचार झाले तर माणूस चालता राहण्याची आशा असते.

आजार ग्रंथीतच असताना सापडला तर ऑपरेशन किंवा किरणं, ज्याला आपल्याकडं ‘लाईट देणं’ म्हणतात, यांनी बरा होऊ शकतो. हाडात गेल्यावर बरा होत नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. या कॅन्सरचं खाद्य म्हणजे पुरुषी हार्मोन. हे १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. हार्मोन बंद केलं की कॅन्सरची उपासमार होते. त्याचे दोन रस्ते. एक म्हणजे ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन, आयुष्यभर, महाग. दुसरा म्हणजे छोटं ऑपरेशन करून वृषणं काढून टाकणं. एकदाच, स्वस्त, आणि परिणाम तितकाच. गरज पडेल तशा वरून गोळ्याही देतात.

हे ऐकून घरात सन्नाटा. बडे अब्बा एवढंच म्हणाले, ‘खस्सी करते क्या मेरे को?’ खस्सी करणं आपल्या दीनमध्ये हराम, हे त्यांना पाठ होतं. मग आम्ही एका मौलानांकडं गेलो. त्यांनी कागद वाचले, दोनदा विचारलं की डॉक्टर काय म्हणाले, आणि म्हणाले, जीव वाचवायला जे करावं लागतं त्याला खस्सी म्हणत नाहीत, मजबुरीत मनाई उठते. पाच मिनिटांचं काम होतं. ते पाच मिनिटं मिळाले म्हणून ऑपरेशन झालं.

त्रास झाला. अंगातून गरम वाफा निघतात, थकवा येतो, इच्छा संपते, हाडं ठिसूळ होतात. हे नवरा-बायको दोघांना आधी सांगायला हवं. पण कंबरदुखी काही आठवड्यांत कमी झाली. तीन महिन्यांनी पीएसए तीनवर आलं. आज चौथं वर्ष चाललंय. मशीनवर बसत नाहीत, काजं-बटणं करतात. फजरला जातात.

आता बार्शीबद्दल थोडं, कारण आपण त्या गावाला फक्त कॅन्सरची ओपीडी म्हणून ओळखतो. भारतातली खेड्यांतली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथं सुरू झाली, बार्शी, भूम आणि परंडा तालुक्यांसाठी. म्हणजे त्यात आपल्याच जिल्ह्यातली गावं. शहरात दवाखान्यांचे कागद बघून नोंदणी होते. इथं लोक दवाखान्यात जातच नव्हते, तर कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. लोकांना जमवून लक्षणं सांगितली, संशय असेल त्याला समजावून तपासणीला आणलं. हेतू मोजायचा होता. पण झालं असं की या बोलण्यामुळंच गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर यायला लागल्या. नवं मशीन आलेलं नव्हतं.

पुढं १९९९ पासून आपल्या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणीसुद्धा त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. जगभर त्याचा दाखला देतात. त्यातल्या एका गटाला तपासणीच दिली नव्हती, त्यावर नंतर टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्यच होती. पण बघा, आपल्या आया-मावश्या, शेतातून उठून, लाज बाजूला ठेवून त्या तपासणीला गेल्या. आणि आपले बाप बोटाच्या तपासणीला घाबरतात.

प्रोस्टेटसाठी सगळ्या गावाला रांगेत उभं करावं अशी तपासणी आज नाही. पण ज्याला त्रास आहे त्यानं जायचं. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झालाय त्याला धोका साधारण दुप्पट, त्यानं पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलायचं. माझे चुलत भाऊ आता त्यात आले. लघवीतून रक्त दिसलं तर एकदाच दिसलं म्हणून सोडायचं नाही.

कागदांचंही बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, पण आपल्याकडं आधारवर शेख एक, रेशनकार्डावर शेख दुसरा, आणि जन्मतारीख तिसरीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तहसीलला पळण्यापेक्षा आजोबांचे कागद आत्ताच जुळवून ठेवा. कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे ते तिथला आरोग्यमित्र सांगतो.

आणि विचारायचं कसं? कॅन्सर हा शब्द काढूच नका. सून विचारू शकणार नाही, मुलगा लाजेल. नातू विचारू शकतो. रात्री किती वेळा उठता, एवढ्यावरून सुरुवात करा. डॉक्टर लोक यासाठी सात प्रश्न वापरतात: धार बारीक झाली का, थांबून येते का, जोर लावावा लागतो का, पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, असे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत सौम्य, वीसच्या वर गेले तर फार झालं. यातून कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही. दवाखान्यात जायला हवं की नाही, ते कळतं.

ते सात प्रश्न आम्ही मराठीत आणि उर्दूत छापून आणलेत. बाहेर टेबलावर ठेवलेत, दोन-दोन प्रती घ्या. अक्षर मोठं ठेवलंय. तरी चष्मा सापडला नाही तर तुम्ही वाचून दाखवा, पण खोलीचं दार लावून आणि टीव्ही चालू ठेवून, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही या भरवशावर ते बोलतील.