मित्राच्या झोपेची राखण



पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, खान्देशातून तरुण येतात. आई-वडील गावी आणि भोसरीत किंवा मेदनकरवाडीत चौघांची एक खोली. त्यामुळे मनाचा आजार प्रथम दिसतो तो आईला नव्हे, खोलीतल्या मित्राला. आजचा विषय त्या मित्राचा आहे.

एखादा सहकारी आठवडाभर दोन-तीन तासच झोपतो, तरी थकत नाही. अखंड बोलतो, उसने पैसे वाटतो, सुपरवायझरशी भांडतो. पुढे तोच पंधरा-पंधरा दिवस अंथरूण सोडत नाही. लोक पहिल्या अवस्थेला माज म्हणतात, दुसरीला आळस. दोन्ही नावे चुकीची. हा बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार असू शकतो. झोप मोडणे हे त्याच्या उसळीचे लक्षणही आहे आणि अनेकदा कारणही. तीन पाळ्यांच्या या पट्ट्यात ते ध्यानात ठेवलेच पाहिजे. डॉक्टरांचे पत्र घेऊन रात्रपाळी टाळण्याची विनंती करणे, हे मित्राने करण्याजोगे पहिले काम.

या आजारावर लिथियम गुणकारी असल्याचे ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये मांडले. आजही ते वापरले जाते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याने पाणी कमी प्यायले, किंवा अंगदुखीवर परस्पर आयब्युप्रोफेन घेतले, तर ते प्रमाण धोकादायक वाढू शकते. उलट्या, हातांची जोराची थरथर, अडखळती चाल दिसली की तत्काळ रुग्णालय गाठावे. बरे वाटते म्हणून गोळी एकाएकी बंद करणे तितकेच घातक. गावाकडचे नातलग देवस्थानी नेऊ म्हणतील. अवश्य न्यावे, गोळी देऊन न्यावे!

उसळीच्या भरात मित्राशी वाद घालून उपयोग नसतो. बोलणी करायची ती तो शांत असताना : पुन्हा झोप उडाली तर एटीएम कार्ड कोणाकडे, मोटारसायकलची किल्ली कोणाकडे, डॉक्टर कोणते. हे त्याच्या संमतीने, त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १४ नुसार प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असावा, अशी अट नाही. खोलीतला मित्रही चालतो. त्याला उपचारांची माहिती घेता येते, निर्णयात साह्य करता येते. ही नेमणूक रुग्ण केव्हाही बदलू शकतो.

मरणाची भाषा निघाली, तर त्याला एकटे सोडू नये. तसे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालतो.

आणि मित्राचीही पाळी असतेच. सकाळी सहाला कंपनीची बस पकडणाऱ्याने रात्रभर जागायचे तरी किती दिवस? खोलीतल्या चौघांनी रात्री वाटून घ्याव्यात, आणि गावी फोन पहिल्याच आठवड्यात करावा.