काश्मीरचे काव्यशास्त्र आणि आपली ज्ञानभांडारे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



संस्कृत काव्यशास्त्रासारखा विषय या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न मला दोन वडीलधाऱ्यांनी सभामंडपात येतानाच विचारला. शंका रास्त आहे. शृंगाराची चर्चा, नायिकांचे भेद, अलंकारांची गणना यांच्याशी वैराग्याचा काय संबंध? परंतु हाच प्रश्न आठशे-नऊशे वर्षांपूर्वी पाटणच्या उपाश्रयांत बसलेल्या साधूंपुढेही होता, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरावर आज भारतातील काव्यविचाराचा बराच मोठा भाग उभा आहे.

मूळ कथा काश्मीरची आहे. नवव्या शतकात, राजा अवंतिवर्म्याच्या काळात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि काव्याचा आत्मा ध्वनी होय, असे प्रतिपादिले. ध्वनी म्हणजे शब्दांनी न सांगता सुचविलेला अर्थ. मम्मटाने पुढे अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्याचे उदाहरण घेतले. एवढेच वाक्य, पण गुराख्याला ते गुरे परत वळविण्याची वेळ झाल्याचे सांगते, व्यापाऱ्याला माल आवरण्याची आणि उपासकाला संध्याकर्माची. आपल्या घरी हेच वाक्य आजी उच्चारते तेव्हा ताटे उचलली जातात व चौविहाराचे पच्चक्खाण होते. जेवण बंद करा, असे तिने म्हटलेले नसते. मम्मटाच्या यादीत हा अर्थ नाही. असता तर त्याला खचितच आवडला असता.

आनंदवर्धनानंतर शतकभराने अभिनवगुप्त झाले. ते परम शैव होते. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत त्यांनी मांडलेला रसविचार आपण आजही शिरोधार्य मानतो. लौकिक शोकापासून करुणरस भिन्न असतो. ‘मी’ आणि ‘माझे’ यांची बंधने सुटलेला प्रेक्षक त्या भावाचा आस्वाद घेतो, व तो आस्वाद आनंदरूपच असतो, असे त्यांचे मत.

हे विचार गुजरातेत फार वेगाने पोहोचले. ‘काव्यप्रकाशा’ची इ. स. 1158 मधील एक ताडपत्रीय प्रत जेसलमेरच्या भांडारात आहे. ती कुमारपाळाच्या राज्यात, अणहिलपाटण येथे लिहिली गेली. याच सुमारास माणिक्यचंद्रसूरींनी या ग्रंथावर ‘संकेत’ टीका रचली. त्यापूर्वीच, विक्रम संवत् 1125 मध्ये, नमिसाधूंनी रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’वर टिप्पण लिहिले होते. रुद्रट, मम्मट आणि अभिनवगुप्त यांपैकी कोणीही जैन नव्हते. तरीही साधूंनी हे ग्रंथ वाचले, जपले आणि शिकविले.

आता हेमचंद्राचार्यांविषयी थोडे अधिक बोलतो. त्यांच्या ‘काव्यानुशासना’त सूत्रे, त्यांवरील ‘अलंकारचूडामणि’ वृत्ती आणि तिच्यावरील ‘विवेक’ अशी तिहेरी रचना आहे. या ग्रंथात स्वतंत्र विचार थोडा व संकलन फार, असा आक्षेप विद्वानांनी घेतला आहे. आपण जैन आहोत म्हणून हा आक्षेप झटकून टाकू नये. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तील व अन्य ग्रंथांतील लांबलचक उतारे त्यांनी घेतले आहेत, हे खरे आहे. पण रसप्रकरणात अभिनवगुप्ताचार्यांचे नाव आदराने घेऊन, आपण त्यांच्याच मताचा आश्रय केला आहे, असे ते स्वच्छ सांगतात. आणि याच उताऱ्यांनी पुढे मोठे कार्य केले. ‘अभिनवभारती’च्या उपलब्ध पोथ्या केरळात सापडल्या, त्याही अत्यंत अशुद्ध. 1926 पासून तिचे मुद्रण सुरू झाले, तेव्हा ओळीओळीला अर्थ अडू लागला. अशा ठिकाणी हेमचंद्राचार्यांनी उतरवून ठेवलेला पाठ अभ्यासकांच्या हाती आला. ‘कल्पलताविवेक’ हा आणखी एक ग्रंथ अहमदाबादहून 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या साहाय्याने ‘अभिनवभारती’च्या लुप्त सातव्या अध्यायाचा काही भाग हाती येतो, असे प्रा. व्ही. एम. कुलकर्णी यांनी दाखविले. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’देखील पाटणच्या भांडारांतील पोथ्यांमुळेच 1916 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून जगापुढे आली. एका शैव आचार्याचे शब्द जैन आचार्यांच्या पानांतून शुद्ध करून घ्यावे लागतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ज्ञानपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, वासक्षेप वाहतो आणि पुन्हा लाल वस्त्रात बांधून ठेवतो. बांधण्यापूर्वी निदान पहिले व शेवटचे पान कोणी वाचावे, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे.

हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र मात्र गुरूंच्या मागे मुकाट्याने गेले नाहीत. गुणचंद्रांसह लिहिलेल्या ‘नाट्यदर्पणा’त ते म्हणतात की सर्वच रस सुखरूप नसतात. शृंगार, हास्य, वीर, अद्भुत व शांत हे सुखात्मक. करुण, रौद्र, बीभत्स व भयानक हे दुःखात्मक. सीतेचे हरण, द्रौपदीची विटंबना, हरिश्चंद्राचे चांडाळाघरचे दास्य पाहून कोणत्या सहृदयाला सुख होईल? ते झाले, तर अभिनयच खोटा ठरेल. मग लोक असली नाटके का पाहतात? कवी व नट यांच्या कौशल्याने मन विस्मित होते म्हणून. आणि पानकात तिखटाचा अंश असला की गोडी वाढते, तसे दुःखाच्या आस्वादाने सुख अधिक रुचते म्हणून. हे लिहिणाऱ्या रामचंद्रांनी स्वतः ‘सत्यहरिश्चंद्र’ नाटक रचले आहे, हे ध्यानात घ्यावे.

अभिनवगुप्त खरे की रामचंद्र? अनेक वर्षे शिकवूनही मला निर्णय करता आलेला नाही. माझी आजी दरवर्षी पर्युषणात चंदनबालेच्या कथेला पहिल्या ओळीत बसत असे. श्वेतांबर परंपरेतील ती कथा आपणांस ठाऊकच आहे. भगवान महावीरांच्या अभिग्रहातील इतर सर्व गोष्टी जुळल्या होत्या, पण दात्रीच्या डोळ्यांत अश्रू नव्हते. भगवान परत फिरले, चंदनेला रडू कोसळले, आणि तेव्हा उडदाचे बाकुळे स्वीकारले गेले. महाराजसाहेब तेथे येण्यापूर्वीच आजीचा पदर डोळ्यांना लागलेला असे. तुला सुख होते की दुःख, असे मी कॉलेजात असताना तिला विचारले. ती म्हणाली, “मला रडू येतं रे. तू मला पुढच्या वर्षी लवकर नेऊन बसव म्हणजे झालं.”