एका सैनिकामागे एक झाड



युद्धस्मारक म्हटले की शिळा, स्तंभ अथवा पुतळा डोळ्यांपुढे येतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या अनेक लहान गावांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात निराळाच मार्ग पत्करला. गावात येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा त्यांनी झाडे लावली; एका सैनिकामागे एक झाड. अशा रस्त्याला तेथे ‘सन्मानमार्ग’ या अर्थाचे नाव आहे.

यामागचे दुःख समजून घेतले पाहिजे. त्या देशाची लोकसंख्या त्या वेळी ५० लाखांहूनही कमी होती. त्यांतून ४ लाखांवर लोक सैन्यात दाखल झाले आणि सुमारे ६० हजार परतले नाहीत. गॅलिपोली, फ्रान्स, बेल्जियम, जेथे पडले तेथेच त्यांना मूठमाती मिळाली. मृतदेह मायदेशी आणावयाचे नाहीत, असे साम्राज्य सरकारचे धोरण होते. अपवाद म्हणून सेनापती ब्रिजेस यांचा देह १९१५ साली परत आणला गेला. सामान्य शिपायाच्या वाट्याला ते भाग्य कोठून येणार? मुलाच्या थडग्यावर एक फूल वाहणेही ज्या मातेला शक्य नव्हते, तिला गावच्या वाटेवरील झाड हेच थडग्याच्या ठिकाणी झाले.

तथापि ही झाडे केवळ मृतांची नव्हती. सक्तीची सैन्यभरती तेथील जनतेने १९१६ आणि १९१७ अशी दोन वेळा मतदानाने नाकारली होती. गेले ते स्वेच्छेने गेले. म्हणून बॅलरॅट येथे जिवंत परतलेल्यांच्या नावेही झाडे लागली, आणि परिचारिकांच्या नावेही. क्रम लावला तो सैन्यात दाखल होण्याच्या तारखेनुसार. हुद्द्याला तेथे स्थान नव्हते. अधिकारी आणि शिपाई शेजारीशेजारी उभे राहिले.

बॅलरॅट हे तसे मोठे गाव. तेथील लुकास या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या सुमारे ५०० मुलींनी हे कार्य अंगावर घेतले. निधी जमवला, खड्ड्यांत रोपे लावली. १९१७ ते १९१९ या काळात २२ किलोमीटर रस्त्यावर सुमारे ३,८०० झाडे उभी राहिली. बॅकस मार्श हे गाव त्याहून पुष्कळ लहान. तेथे १० ऑगस्ट १९१८ रोजी बिगूल वाजताच २८१ रोपे एकाच वेळी जमिनीत रोवण्यात आली. गाव एका क्षणी वाकले, असेच म्हणावे लागेल.

शिळा एकदा उभी केली की ती काही मागत नाही. झाड पाणी मागते, गुरांपासून राखण मागते, आणि योग्य माती तर मागतेच. पर्थ शहरातील किंग्ज पार्कमध्ये असेच स्मरणार्थ लावलेले विलायती ओक वृक्ष तेथील रेताड जमिनीत तग धरू शकले नाहीत. त्यांच्या जागी युकॅलिप्टस लावावे लागले. आपल्याकडे नीलगिरी म्हणून परिचित असलेला हा वृक्ष मूळ तेथलाच! घरच्या मातीतील झाड आधीच का सुचले नाही, असा प्रश्न पडतो. पण त्या पिढीच्या मनात इंग्लंड हेच घर होते.

बॅकस मार्शची झाडे एल्म जातीची आहेत. युरोप आणि अमेरिकेत या वृक्षांचा एका बुरशीजन्य रोगाने संहार केला. ऑस्ट्रेलियात तो रोग अद्याप पोहोचलेला नाही, म्हणून ही वृक्षराजी आता अधिकच मोलाची ठरली आहे. संकट आले ते वाहतुकीचे. रस्त्याच्या कामासाठी काही झाडे तोडण्याचा बेत पुढे आला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कसून विरोध केला. रस्त्याची गरज खोटी नव्हती. परंतु तोडावयाच्या प्रत्येक झाडाला एका माणसाचे नाव होते.

वय, वादळ आणि अवर्षण यांपुढे मात्र विरोध चालत नाही. बॅलरॅटच्या मार्गावरील एखादे झाड वठले की ते काढून त्याच जागी नवे रोप लावतात. नावाची आणि क्रमांकाची पाटी तीच राहते.